पांढऱ्या पायांची चाचणी

प्रिय आईस, तुझ्या धाकट्याचा वाकून नमस्कार.

मी मजेत आहे. भाजलेला अंगठाही बरा झाला. तुझा गुडघा काय म्हणतो?

मी आल्यापासून आमच्या कपबश्यांच्या कारखान्यात कप जास्त फुटतात म्हणून मुकादम मला काढायलाच निघाला होता. म्हणाला, "पांढऱ्या पायाचा!" मी म्हटलं, "चिनी मातीने इथे सगळ्यांचेच पाय पांढरे आहेत, तुमचेसुद्धा!"

तपासणीच्या बाई हसल्या. "मोजूनच बघू," म्हणाल्या. मग चिठ्ठ्या टाकून चाळीसपैकी वीस दिवस मला भट्टीवर ठेवलं. माझ्या दिवसांत बारा कप जास्त फुटले. माझं तोंडच उतरलं!

पण बाईंनी रोजच्या फुटीचे आकडे चाळीस चिठ्ठ्यांवर लिहिले, चिठ्ठ्या पिसल्या आणि डोळे झाकून वीस-वीसचे दोन ढीग केले. असं शंभर वेळा. त्यात अडतीस वेळा बाराचा किंवा जास्तच फरक निघाला.

"एवढा फरक नुसत्या योगायोगानेही पडतो," बाई म्हणाल्या.

"म्हणजे हा शुभ पायाचा?" मुकादमाने विचारलं.

"तेही सिद्ध नाही. ठपका ठेवायला पुरावा नाही, एवढंच."

मुकादमाने मला कायम केलं, आई!

मी जन्मलो त्या वर्षी माझ्याच पायगुणाने बाबांचं दुकान बसलं, असं आत्या अजून म्हणते ना? तिला विचार, एकाच पोरावरून आणि एकाच वर्षावरून ठरवलंस कसं?

तुझाच,
धाकटा