न उघडलेली तिजोरी

प्रिय ताई,

हे पत्र बसून वाच. घाबरू नकोस, मी धडधाकट आहे. पण गेलं दीड वर्ष मी धरणाच्या कामावर नव्हतो. तुरुंगात आहे. तुरुंगाचा शिक्का दिसू नये म्हणून माझी पत्रं मी कामाला होतो त्या दुकानाचे मालक त्यांच्या हातानं टपालात टाकत होते. मुकादमाच्या ज्या गमती लिहिल्या, त्यातलं घोरणं तेवढं खरं. तसा घोरणारा एक कैदी माझ्या शेजारीच झोपतो.

लंबू तुला आठवत असेल. सुरुंग फुटला तेव्हा मला पाठीवर घेऊन अख्खा डोंगर उतरला तो. फौज सोडल्यावर मी कुलपं-तिजोऱ्या दुरुस्त करायला लागलो, तो मात्र कुठेच टिकला नाही. एका दुपारी दुकानात आला. चहा प्यायला. मग म्हणाला की एका सराफाची तिजोरी उघडायची आहे. सुट्टीचा दिवस, आत कुणी नसेल, कुणाकडे हत्यार नसेल. मी तीनदा नाही म्हणालो. चौथ्यांदा त्यानं विचारलंच नाही, नुसता उठून निघाला. त्याची ती वाकलेली पाठ बघितली आणि माझ्या तोंडून हो निघून गेलं.

आत माणूस होता. म्हातारा पहारेकरी, वर्तमानपत्र वाचत बसलेला. आमच्याबरोबर तिसरा एकजण होता, बेत सगळा त्याचाच. त्यानं म्हाताऱ्याला खुर्चीला बांधलं, तोंडावर चिकटपट्टी लावली आणि मला तिजोरीकडे ढकललं. मी तिजोरीला कान लावला, पण ऐकू येत होता तो म्हाताऱ्याचा श्वास, शिट्टीसारखा. त्याला दमा होता. डोळे पांढरे व्हायला लागले होते. मी उठून पट्टी काढली. तिसऱ्यानं पिस्तूल काढलं. ताई, पाचावर धारण बसणं म्हणजे काय, ते मला सीमेवर नाही, तिथं कळलं. तेवढ्यात लंबू मधे येऊन उभा राहिला. आवाज न चढवता म्हणाला, "आधी मला मार, मग याला." तिसरा दोन क्षण बघत राहिला आणि मागच्या दारानं पसार झाला.

पळायला आम्हालाही रस्ता मोकळा होता. पण म्हाताऱ्याला तसा टाकून कुठे जाणार? मी त्याच्या खिशातला औषधाचा फवारा शोधून त्याला दिला. लंबूनं अ‍ॅम्ब्युलन्सला फोन केला, मग पोलिसांनाही. ते येईपर्यंत आम्ही दोघं त्याच्या दोन बाजूंना फरशीवर बसून राहिलो. म्हातारा वाचला. कोर्टात त्यानंच आमच्या बाजूनं सांगितलं, म्हणून शिक्षा कमी झाली. तिसराही पुढे सापडला. त्या म्हाताऱ्याचा श्वास परत नीट चालायला लागला, तेव्हापासून मला झोप लागते. सुरुंग फुटल्यापासून उडाली होती, ती इतक्या वर्षांनी.

तेव्हा तुला कळवायची हिंमत झाली नाही. आईच्या मागे तू मला वाढवलंस, कुठल्या तोंडानं सांगणार होतो? आता लिहितोय, कारण येत्या गुरुवारी आम्ही दोघं सुटतोय आणि तुझ्या घरात मला खोटं घेऊन पाऊल टाकायचं नाही. मेहुण्यांना तूच सांग, ते तुझंच ऐकतात. आणखी एक मागणं आहे. लंबूला जायला घर नाही. तुझ्या मागच्या खोलीत दोन खाटा मावतील का? नाही म्हणालीस तरी राग नाही. हो म्हणालीस तर मात्र भात जास्तीचा टाक, तो माझ्या दुप्पट जेवतो.

खोटं बोलून दमलेला, तुझाच
धाकटा