बाटलेला कुकर

आई, काल मी कुकरात मासा शिजवला. माझी लेक पुण्याहून घोडेगावला आली ती ट्यूना नावाच्या माशाचे दोन डबे घेऊनच. फोनवर कुठलीशी परदेशी कृती बघून म्हणाली, "हे ओव्हनमधलं आहे, पण कुकरात होतं." मग आम्ही बटरवर कांदा परतला, नूडल्स मोडून टाकल्या, दूध, थोडं पाणी, मटारचे दाणे घातले आणि एक शिट्टी काढली. वाफ गेल्यावर चीज आणि डब्यातला मासा वरून घालून ढवळला. पांढरं, दाट, खिरीसारखं दिसणारं प्रकरण. मी दोनदा वाढून घेतलं आणि प्रत्येक घासाला मला तुझा राग येत होता.

मला चौदावं लागलं होतं. तुझ्या गळ्यात तुळशीची माळ, त्यामुळे मटण-मासळीचं पातेलं गोठ्यात, तिची चूल अंगणात, आणि ती भांडी उंबऱ्याच्या आत कधी यायची नाहीत. त्यात गल्लीतला पहिला कुकर आपला. त्या दिवशी तू ओतूरला लग्नाला गेली होतीस आणि वडील नुकतेच तापातून उठलेले. "तोंडाला चव न्हाई गं, बोंबलाचं कालवण कर," म्हणतात. बाहेरची चूल ज्येष्ठातल्या पावसानं भिजलेली, लाकडं पेटत नाहीत, म्हणून मी घरात स्टोव्हवर कुकर चढवते. नंतर तो राखेनं घासते, लिंबानं घासते, पुन्हा राखेनं घासते. संध्याकाळी तू येतेस, झाकणाची रबरी रिंग नाकाला लावतेस आणि तुला सगळं कळतं.

"बाटवलास की गं कुकर! माज्या सैपाकघरात पाय ठिवायचा न्हाई आता." कुकर अंगणात भिरकावलास. दसऱ्यापर्यंत माझं ताट ओसरीवर यायचं, कुत्र्याला टाकतात तसं. ज्यांनी कालवण मागितलं ते वडील आत तुझ्यासमोर बसून जेवायचे. त्यांना तू चकार शब्द बोलली नाहीस, आणि तेही माझ्या बाजूनं काही बोलले नाहीत.

पुढे भावाचं लग्न झालं. मी माहेरपणाला आले तर वहिनी त्याच स्वयंपाकघरात, नव्या कुकरात अंडी उकडत होती आणि तू शेजारी लसूण सोलत बसली होतीस. मी तुझ्याकडं बघितलं. "आसू दे," म्हणालीस, "नव्या पोरी हायेत." मला राहवलं नाही. "आन् मी कोण व्हते?" असं मी विचारलं, तेव्हा तू हातातला लसूणही खाली ठेवला नाहीस. "सून दुखावली तर घर मोडतं बाई. लेक कुठं जाती?"

बरोबर ओळखलं होतंस. तू अंथरुणाला खिळलीस तेव्हा मीच आले. तू जाईपर्यंत सहा महिने तुझं हगणं-मुतणं मी काढलं. एकदा तरी म्हणशील, "चुकलं गं माजं," म्हणून वाट बघितली. तू मात्र म्हणायचीस, "वहिनीला उठवू नगं, दमली आसंल." मीही दमले होते, आई. त्याचा राग अजून आहे आणि तो जावा असं मला वाटतही नाही.

हे पत्र तुला पोचायचं नाही, म्हणून खरं लिहिते. काल लेकीसमोर मी मोठ्या ऐटीत म्हणाले, "आपल्याकडं असलं बाटणं-बिटणं काही नसतं हं." पण मासा घेऊन येते म्हणून तिचा फोन आला त्याच दिवशी मी बाजारात जाऊन वेगळा कुकर घेऊन आले होते. रोजच्या कुकरात इतक्या वर्षांत मी वरणभाताखेरीज काहीही शिजवलेलं नाही. नवा कशाला, असं तिनं विचारलं, तर सांगितलं की जुन्याची शिट्टी बिघडली आहे. तिला ते पटलं. शिट्टी चांगली आहे.