गळका तळ

दशरथदादा,

"तुझी होडी तुझ्या भाषणासारखी होणार, आवाज मोठा आणि तळ गळका," असं तू म्हणालास. तेव्हाच मी शपथ घेतली, होडी बुडाली तर पुन्हा माइक धरणार नाही.

आज गॅलरीत बांधलेली ती होडी घोडबंदरच्या खाडीत सोडली. फळ्यांच्या फटींतून पाणी आत! मी भडकलो. लाकडाच्या वखारीपासून थेट भांडवलशाहीपर्यंत बोलत सुटलो. वैजयंता म्हणाली, "अहो, सुकं लाकूड फुगायला वेळ लागतो. तोवर बोला."

दुपारी पाणी उपसलं, ते पुन्हा आलंच नाही. फळ्या फुगून फटी मिटल्या होत्या. दादा, माइक वाचला!

हे पत्र मात्र पाठवत नाही. तू म्हणशील, याच्या भाषणाने लाकूडसुद्धा फुगलं.

अजूनही बोलणारा तुझा धाकटा,
उदय