थोरल्या आण्णांचे धाकटे वय

कोडोली,
१९ जानेवारी

तीर्थरूप संयोगिता आत्यांस,

क्रांतीचा दोन्ही हात जोडून नमस्कार. तुमची गुडघेदुखी उतरली असावी आणि रात्रपाळी संपवून आलेल्या मामांना शेजारच्या यंत्रमागांच्या खडखडाटातही झोप लागत असावी, अशी आशा करते. इकडे सर्व क्षेम आहे. हे वाक्य आजवर मी रिवाज म्हणून लिहीत असे. या वेळी पुराव्यानिशी लिहीत आहे. आण्णा काल गोठ्यापर्यंत जाऊन आले, दम लागला नाही, आणि परत येऊन म्हशीच्या तब्येतीविषयी तक्रार केली, स्वतःच्या नव्हे.

दवाखान्यात तुम्ही मला विचारलेत, "कसं गं तयार केलंस आण्णांना?" आणि मी नेहमीप्रमाणे खिडकीबाहेर पाहिले. (माझे नाव क्रांती ठेवणाऱ्यांची मला फार दया येते.) तोंडी परीक्षेत मी कधीच चमकले नाही, म्हणून उत्तर लेखी देत आहे.

डॉक्टरांनी आण्णांच्या हृदयाच्या वाहिनीत अडथळा असल्याचे सांगून महिनाभरात जाळी बसवायला सांगितले होते, हे तुम्हांस ठाऊक आहे. आण्णांनी नकार का दिला, ते मात्र घरातल्या कोणी तुम्हांला कळवले नाही, कारण ते सांगताना सर्वांना हसू येत होते आणि हसण्याची ती वेळ नव्हती. आम्ही प्रथम दवाखान्यात गेलो तेव्हा सोबत धाकटे आजोबा, म्हणजे आण्णांच्या पाठचे तुमचे गणपतराव चुलते, होते. सरकारी उपचार योजनांच्या खिडकीवरील आरोग्यमित्राने दोघांची आधार कार्डे पाहिली आणि सत्तरी ओलांडलेल्यांसाठीचे मोफत उपचारांचे कार्ड, ज्यात मिळकत विचारत नाहीत, ते गणपतरावांना जागेवर करून दिले. गणपतरावांना साधी सर्दीही नव्हती. आण्णांना मात्र सांगण्यात आले की तुमचे वय एकोणसत्तर, तुम्ही अद्याप लहान आहात.

याचे मूळ चौसष्ट वर्षे मागे आहे. पणजोबांनी दोघा मुलांना एकाच सकाळी शाळेत घातले. जन्माची नोंद कोणाचीच नव्हती. तेव्हाच्या पद्धतीप्रमाणे गुरुजींनी उजवा हात डोक्यावरून नेऊन डावा कान धरायला लावला. गणपतराव अंगाने दांडगे. त्यांचा हात कानाला लागला. आण्णांचा लागला नाही. गुरुजींनी दोघांनाही एक जून ही तारीख दिली (आपल्या गावातील निम्मी म्हातारी मंडळी त्याच दिवशी जन्मली आहेत), पण धाकट्याला दोन वर्षांनी थोरला केले. पुढे दाखल्यावरून आधार निघाले आणि चूक पक्की झाली.

गणपतरावांनी ते कार्ड परतीच्या एसटीत कंडक्टरला, दुसऱ्या दिवशी दूध संस्थेत सर्वांना आणि त्यानंतर आण्णांना पुन्हा एकदा दाखवले. "दादा, आता माझ्या पाया पड की," असेही म्हणाले. आण्णांनी त्या दिवशी चहा घेतला नाही. आपल्या शिधापत्रिकेवर राज्याच्या योजनेतून हेच उपचार होतील, असे बाबांनी सुचवताच ते म्हणाले, "धाकट्याला मानाचं आन् मला रेशनचं? न्हाय जमणार. जून काय लांब न्हाय. सत्तर झालं की बघू." बाबांनी विचारले, दुखणे थांबेल का. "थांबंल की. डॉक्टरापरीस माझं ऐकतंय ते."

डॉक्टरांचा महिना संपायला बारा दिवस उरले होते, आणि त्या आठवड्यात आण्णांना विहिरीपर्यंत जाताना तीनदा बसावे लागले. मी माझ्या अभ्यासाच्या पुस्तकांवर पांढरा कागद पसरला आणि दोन्ही योजनांचा नऊ ओळींचा तक्ता केला. दोन्हींत वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार, आपला दवाखाना दोन्ही याद्यांत, जाळीही तीच. फरक इतकाच की एक योजना वय विचारते आणि दुसरी घर विचारते. हा तक्ता घेऊन मी आण्णांसमोर उभी राहिले. (पहिली चार मिनिटे नुसतीच उभी राहिले.) मग म्हणाले, "आण्णा, धाकट्या आजोबांच्या कार्डावर एकट्याचे नाव आणि गुरुजींनी दिलेले वय आहे. शिधापत्रिकेवर सबंध घराणे आहे. घरातल्या थोरल्या माणसाने एकट्यादुकट्याच्या कार्डावर जावे काय?"

आत्या, आण्णा बराच वेळ माझ्याकडे पाहत राहिले. मी बोलू शकते हेच ते प्रथम पडताळून पाहत असावेत. मग उठले, फेटा बांधला आणि म्हणाले, "काढ ते कार्ड."

बाबांनी ट्रंकेतून नवी शिधापत्रिका काढली. ती निघाल्यापासून कोणी नीट वाचलेली नव्हती. कुटुंबप्रमुख या शब्दापुढे आजीचे नाव होते. नव्या नियमाने घरातील थोरली स्त्री प्रमुख असते, हे माझ्या तक्त्याच्या दहाव्या ओळीत यायला हवे होते, पण मला दहावी ओळ सुचलीच नव्हती. आण्णा बांधलेला फेटा सोडू लागले. तेवढ्यात भाकरी थापत असलेल्या आजीने चुलीपुढून मान वळवली. "पन्नास वर्सं मला कोण इचारलं न्हाय, सरकारनं इचारलं. आता परमुख म्हणून सांगतो, गाडीत बसा." आण्णा बसले. जाळी बसण्यापर्यंतचे पुढचे सर्व तुम्ही डोळ्यांनी पाहिलेच आहे.

एक गोष्ट मात्र तुम्ही येण्यापूर्वी घडली. खिडकीवर मी तक्ता दाखवला तेव्हा आरोग्यमित्राने तो मागून घेऊन काचेवर चिकटवला आणि रांगेतल्या लोकांना म्हणाला, "पावणं, मला नगा इचारू, ह्या ताईंना इचारा." आणि मी सांगितले. अकरा अनोळखी माणसांना, मोठ्याने, खिडकीबाहेर न पाहता. शालान्त परीक्षेत केंद्रात पहिली आले होते, त्याहून मला हे मोठे वाटते, आणि असे लिहिताना मला संकोचही वाटत नाही.

तुमची आज्ञाधारक,
क्रांती

ता. क. गणपतराव त्यांचे कार्ड जत्रेतल्या पाळण्यात चालेल का, असे विचारत आहेत.

ता. क. दुसरा : खिडकीवरील संगणकाच्या पडद्यावर आपल्या घरातील सर्वांची नावे आली, माझे आले नाही. अकरावीला मी तुमच्याकडे राहायला आले तेव्हा माझे नाव तुमच्या शिधापत्रिकेवर गेले, ते अद्याप तिथेच नांदत आहे. म्हणजे नऊ ओळींचा तक्ता करणारी मी या घराण्यात कागदोपत्री नाहीच. (इतक्या वर्षांच्या माझ्या वाटच्या तांदळाविषयी मनात काही नाही, पहिली दोन वर्षे तो मीच खाल्ला आहे.) नाव कमी केल्याचा दाखला कृपया काढावा.

ता. क. तिसरा : तो टपालाने पाठवू नये, स्वतः घेऊन यावे. नाव चढवण्याच्या अर्जावर प्रमुखाचा अंगठा लागतो. आजी म्हणते, यांनी मला नीट विचारले तरच उठवीन. आण्णा म्हणतात, जून काही लांब नाही. पाच दिवस दोघे एकमेकांशी माझ्यामार्फत बोलत आहेत, आणि आत्या, इतके बोलण्याची मला सवय नाही.