खारं पाणी प्यायलेला व्हिडिओ गेम

सीवूड्स, सोमवार

प्रिय सर्जेरावकाका,

‘प्रिय’ हा शब्द मी केवळ पत्राची रीत म्हणून लिहिला आहे. त्याचा अधिक अर्थ काढू नये, ही नम्र विनंती.

गेल्या गुरुवारी तुमचं तेरावं झालं. मंडळी एकेक करून उठली आणि तुमच्याविषयी बोलली. कोणी म्हणालं, देवमाणूस होता. कोणी म्हणालं, साताऱ्याहून आलो तेव्हा पाठ टेकायला जागा यांनीच दिली. अण्णांना कमरेमुळे फार वेळ उभं राहता येत नाही, म्हणून त्यांनी मला कोपरानं ढोसलं. “तू बोल बापाच्या वतीनं. रोज पोरांना शिकवतीस की!” मी उठले. “काका दर रविवारी अण्णांकडे येत असत,” एवढं एकच वाक्य बोलले आणि खाली बसले. वाक्य खरं होतं. मनात उरलेली वाक्यंही खरीच होती, पण ती तेराव्याच्या पंगतीआधी बोलण्यासारखी नव्हती.

आणि काल, तुम्ही अण्णांना विकलेला व्हिडिओ गेम मी पहिल्यांदा उघडला. आता गप्प बसणं शक्य नाही.

तुम्ही मला ‘मास्तरीणबाई’ म्हणत होता ना? मग बसा समोर. जुना व्हिडिओ गेम कसा पारखून घ्यावा, हे मी तुम्हाला समजावून सांगते. जिवंतपणी तुम्ही ऐकून घेतलं नाहीत. आता तुम्हाला ‘चहा टाक गं’ म्हणून विषय बदलायची सोय नाही!

आधी प्रयोजन. कोणतीही वस्तू घेण्यापूर्वी ती कशासाठी हवी आहे ते स्पष्ट असावं. अण्णा क्रेनवरचा माणूस. आधी मुंबईच्या गोदीत आणि मग न्हावा शेव्याला, उंच केबिनमध्ये बसून त्यांनी कंटेनरवर कंटेनर असे रचले की दोहोंमध्ये बोट जाणार नाही. शिडीवरून पाय सटकला, मणका दुखावला आणि हा माणूस कोपरखैरण्याच्या दोन खोल्यांत एकटा भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. आई आधीच गेलेली. मी डबा पोचवायचे, डॉक्टरकडे न्यायचे. मी विचारलेल्या प्रश्नाला ‘हं’ आणि न विचारलेल्याला तेही नाही!

त्यांना पुन्हा बोलतं कोणी केलं, ठाऊक आहे? तुम्ही नव्हे. शेजारच्या मुकादम भाभींनी. त्यांच्याकडे भावानं आखातातून पाठवलेला गेम होता. त्यात वरून विटा पडतात आणि त्या फिरवून खाली फट न ठेवता रचायच्या असतात. एका दुपारी भाभींनी अण्णांच्या हातात रिमोट दिला. दहा मिनिटांनी त्या ओरडल्या, “या अल्ला! अण्णा, तुम्ही तर गोदीच लावताय इथं!” आणि अण्णा म्हणाले, “ही आडवी उशिरा आली. आधी आली असती तर अख्खा थर भरला असता.” सात महिन्यांतलं त्यांचं ते पहिलं पूर्ण वाक्य.

पुढे मुकादम कुटुंब पनवेलला राहायला गेलं. गेमही गेला. अण्णा पुन्हा भिंतीकडे वळले. तेव्हा चौऱ्याण्णव साल होतं आणि नवा गेम घेणं आम्हाला परवडणारं नव्हतं. म्हणजे आम्हाला कसा गेम हवा होता, काका? जुना चालेल, पण मध्येच दगा न देणारा. एवढीच अट. ही अट तुम्हाला पूर्ण माहीत होती. मी स्वतः सांगितली होती!

आता पद्धत. किती सुंदर आणि सोपी पद्धत आहे पाहा! प्रथम गेम नुसता हातात घेऊन कानाशी हलवावा. आत काही खुळखुळलं तर परत द्यावा. मग खालचे स्क्रू पाहावेत. त्यांच्या खाचा झिजलेल्या असतील तर कोणीतरी तो आधी उघडला आहे. का उघडला, हे विचारावं आणि विक्रेता उत्तर देताना त्याच्या तोंडाकडे पाहावं. कॅसेट बसवायच्या फटीत टॉर्च मारावा. आतल्या पितळी पट्ट्या पिवळ्याधमक हव्यात. हिरवट दिसल्या तर त्यांना ओल लागली आहे, आणि आपल्या खाडीकाठी ही शंका दुप्पट घ्यावी. कॅसेट दहा वेळा काढून घालावी. फुंकर मारू नये. फुंकरीत थुंकी असते आणि थुंकीनं पट्ट्या गंजतात, हे अख्ख्या नवी मुंबईला मी एकटीनं किती सांगायचं! रिमोटचं प्रत्येक बटण स्वतंत्रपणे दाबावं. शेवटी गेम तासभर सलग चालू ठेवावा, कारण सोल्डरिंगचा कच्चा डाग गार असताना साधू असतो आणि तापला की आपलं खरं रूप दाखवतो.

या पद्धतीनं मी वाशीत एक गेम निवडूनही ठेवला होता. बँकेतल्या एका गृहस्थांचा. तासभर चालवला, एकदाही अडखळला नाही.

आणि अण्णा म्हणाले, “सर्जाकडं हाय म्हणतोय एक. आपला माणूस असताना परक्याच्या दारात कशाला?”

पावणे गावातली तुमची ती पत्र्याची शेड मला आजही दिसते. गोदीच्या लिलावातले पंखे, एका पायाचे बूट, मिक्सरची भांडी आणि मधोमध तुम्ही, कपाळाला बुक्का लावून. खोक्यातून गेम काढलात आणि पुसलात कशानं? खांद्यावरच्या टॉवेलनं!

“एकदम फस्क्लास पीस हाय, अण्णा. साहेबाच्या घरातला. पोरगं फारिनला गेलं म्हणून काढला.”

“खाचा झिजल्या आहेत,” मी म्हणाले.

“आगं, साहेबाच्या पोरानं बघितला आसंल उघडून. हुशार हुतं पोरगं. तुझ्यासारकं.”

मी पर्समधून पेचकस काढला. तुम्ही हसलात. अण्णांनी मात्र माझं मनगट धरलं. “ठेव ते आत. आपल्या माणसाच्या वस्तूला पेचकस लावत न्हाईत.”

हीच ती तुमची थोर परंपरा! गावाकडच्या माणसाकडून बैल घेताना दात मोजायचे नाहीत, पोरगी घेताना चौकशी करायची नाही, गेम घेताना तो टीव्हीला लावूनसुद्धा बघायचा नाही. तपासणी म्हणजे अपमान. मग परका माणूस बरा नाही का? निदान तो फसवण्यापूर्वी आपल्याला पाहू तरी देतो! त्या दिवशी मी पेचकस आत ठेवला, याची लाज मला अजून वाटते.

बाविसाव्या दिवशी गेम बंद पडला.

रविवारी तुम्ही आलात. गळ्यात पिशवी, पिशवीत डाग द्यायचं यंत्र आणि कागदात बांधलेली भजी. मी दारातच होते. “काका, हा माल भिजलेला आहे,” मी म्हणाले. “पट्ट्या हिरव्या आहेत. कुठल्यातरी बुडालेल्या खोक्यातला आहे हा. साहेब खोटा, साहेबाचं पोरगंही खोटं.”

तुम्ही अण्णांकडे पाहिलंत आणि म्हणालात, “हवा लागली आसंल. बघतो की मी. चहा टाक गं, मास्तरीणबाई.”

अण्णा काय म्हणाले? म्हणाले, “टाक की.”

मी चहा टाकला नाही. ज्या घरात माझ्या शिक्षणाची किंमत एका टॉवेलाएवढीही नाही, तिथे रविवारी बसून मी काय करणार होते? त्यानंतर डबा जात राहिला, औषधं जात राहिली, सणावारी मीही जात राहिले. रविवार मात्र मी तुम्हाला देऊन टाकला. चार वर्षं गेम बंद पडत राहिला आणि चार वर्षं तुम्ही तो दुरुस्त करत राहिलात. आमच्या कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्स शिकवताना मी मुलांना तुमचं नाव न घेता तुमचं उदाहरण देत असे. वाईट डाग म्हणजे काय? एकाच जागी पुन्हा पुन्हा द्यावा लागतो तो!

काल मी गेले. गेम बंदच होता. तुम्ही आजारी पडलात तेव्हापासून बंद. अण्णा भिंतीकडे तोंड करून पडले होते. मी विचारलं, “उघडू?” ते म्हणाले, “उघड. आता काय.”

उघडला. आणि काका, तुमची लबाडी किती खोलवर गेली होती ते मला काल कळलं.

आतल्या सर्किटच्या पाटीवर मीठ होतं, अगदी कोपऱ्याकोपऱ्यात, चिपच्या खालीसुद्धा. म्हणजे मी म्हटलं तेच खरं. खाऱ्या पाण्यानं खाल्लेल्या रेषा मात्र कोणीतरी केसासारख्या बारीक तारेनं पुन्हा जोडल्या होत्या. विजेच्या सॉकेटचे डाग असे गोल आणि चकचकीत, की वर्गात दाखवावेत! माझ्या मुलांतल्या एकालाही असं काम जमणार नाही. मलाही जमलं असतं का, शंका आहे. फक्त कॅसेटच्या फटीजवळची एक तार कच्ची होती. एकच. तिच्यावर जुन्या डागांचे पापुद्रे बसलेले, आणि सगळ्यांत वरचा डाग नुसता टेकवलेला. तापला की सुटणारा. साधारण आठवड्यात.

म्हणजे तुम्हाला डाग देता येत होता! चार वर्षं मी तुमच्या अडाणीपणाचा तिरस्कार केला आणि तो अडाणीपणासुद्धा बनावट निघाला? एखाद्या माणसानं किती फसवावं, काका!

मी तणतणत अण्णांना सगळं दाखवलं. त्यांनी पाटी नाकाशी नेली. मग म्हणाले, “आगं, भिजलेला माल मी आयुष्यभर उतरवला. त्यानं खोक्याचं झाकण उघडलं तवाच वास आला मला.”

“मग घेतलात कशाला?”

“चांगला घेतला आसता, तर तो आला आसता का दर रविवारी?”

“आणि डाग तो मुद्दाम कच्चा ठेवत होता, तेही ठाऊक होतं?”

“ते न्हवतं ठाऊक,” अण्णा म्हणाले, आणि बराच वेळ त्या एका तारेवरून बोट फिरवत राहिले.

दोन म्हातारी माणसं! एकमेकांना ‘ये, बसू’ असं सरळ म्हणायला तुमच्या जिभेला काय झालं होतं? त्यासाठी एक बुडालेला गेम विकावा लागतो आणि दुसऱ्यानं तो जाणूनबुजून घ्यावा लागतो? शिक्षण नसलं की माणसं साधी असतात, असं म्हणतात. खोटं आहे ते. इतका गुंतागुंतीचा मूर्खपणा मी कोणत्याही पाठ्यपुस्तकात पाहिलेला नाही.

मी पापुद्रे काढले, तार घासली आणि एक डाग दिला. एकच, पण पक्का. कॅसेट दहा वेळा काढून घातली. तासभर चालवला. अण्णा उठून बसले, पाठीला उशी घेतली आणि विटा रचू लागले. मी अभिमानानं म्हणाले, “आता हा कधीच बंद पडणार नाही.”

त्यांनी पडद्यावरची नजर हलवली नाही. “मग आता तू कवा येशील? दसऱ्याला?”

काका, चार वर्षांत अण्णांकडे न चुकता येणारी वस्तू एकच होती, तुम्ही, आणि ती मी पारखण्यात चुकले.

तेव्हा हे ऐकून ठेवा. तुमच्याविषयीचं माझं मत बदललेलं नाही. तुम्ही बुडालेला माल विकलात, साहेबाच्या पोराची कथा रचलीत आणि सेकंडहॅण्ड वस्तू घेणाऱ्या प्रत्येकाला मी पेचकस बरोबर न्यायलाच सांगेन, विक्रेता सख्खा भाऊ असला तरी. पण दुसरा रिमोट, जो तुम्ही वापरत होता, त्याच्या उजव्या बटणाचं रबर झिजलं आहे. ते मी काल बदललं नाही. नवं रबर माझ्या पर्समध्येच होतं. अण्णांना म्हणाले, “ते पुढच्या रविवारी.” ते म्हणाले, “आणि त्याच्या पुढच्या?” मी म्हणाले, “तेव्हा डाव्या बटणाचं.”

रिमोटला आठ बटणं आहेत. रबरं संपली तर दुसरं काहीतरी कच्चं ठेवीन, पण रविवार चुकवणार नाही, हे वचन. फरक इतकाच, काका, की मी हे त्यांना तोंडावर सांगून करते आहे.

आणि हो, चहा टाकला होता. तीन कप झाले, तिसरा तुमच्या नावाचा.

तुमची,
मास्तरीणबाई