दळणाचा बोळ

११ नोव्हें., मंगळ., नांदेड
लातूरच्या वकील मंडळींचा फोन. नव्या वकिलांपुढं तासभर बोला, विषय 'दिवाणी दाव्यातल्या कामाच्या गोष्टी'. २९ तारीख, शनिवार. लगेच हो म्हणालो नाही, डायरी पाहून सांगतो म्हणालो. डायरी समोरच होती. त्या दिवशी कोरी.
लातूर कोर्टाच्या ज्या आवारात पत्र्याच्या शेडखाली टाइपरायटर घेऊन बसायचो, तिथंच आता पाहुणा. दुसऱ्यांचे दावे टाइप करता करता त्यांतल्या चुका दिसायला लागल्या, म्हणून वकील झालो. हे मी सगळ्यांना सांगतो. सौ. म्हणते, कुणी न विचारता सांगता.
मुद्दे काढायला बसलो. पक्षकार पहिल्यांदा सांगतो तेव्हा पेन खाली ठेवावं, नुसतं ऐकावं. दुसऱ्यांदा सांगताना तो जे गाळतो, ते लिहावं. जागा पाहिल्याशिवाय दाव्याचा मसुदा करू नये, आणि टेप आपला स्वतःचा न्यावा. आणखी बरेच आहेत. तासात बसणार नाहीत.

१२ नोव्हें., बुध.
उद्या नायगाव. मन्मथ अप्पांचा दावा.
अप्पांची पिठाची गिरणी मागच्या अंगाला. रस्त्यापासून तिथं जायला एकच बोळ, पावणेचार फूट. (अप्पा चार म्हणत होते. मी टेप लावला.) बोळाच्या तोंडाशी दिगंबरचं सिमेंट-पत्र्याचं दुकान आणि वर घर. दीड वर्षापूर्वी दिगंबरनं बोळाला शटर बसवलं, आत गोण्या रचल्या. बोळ माझा म्हणतो. आता दळण न्यायचं तर पार मागून, नाल्याच्या कडेनं. गिऱ्हाईक निम्म्यावर आलं.
अप्पा सांगून गेले, "दावा गेला की गिरणीचा पट्टा काढून ठेवतो साब. दुसरीकडं मांडायचं वय न्हाई राहिलं."
वीस वर्षांच्या वर, उघडपणे, कुणाच्या परवानगीशिवाय वाट वापरली हे सिद्ध केलं की वहिवाटीचा हक्क. त्यासाठी सात साक्षीदार उभे केलेत. एक निवृत्त गुरुजी, एक सोसायटीचे माजी चेअरमन, बाकी पाच तसेच वजनदार. यादी मी स्वतः केली. समोर पाठक वकील, लातूरचे, तीन पिढ्यांची वकिली, कोटाची इस्त्री मोडत नाही. अशी यादी त्यांनाही जमली नसती.

१३ नोव्हें., गुरु., परतीची बस
आपटलो.
गुरुजी पिंजऱ्यात. प्रतिज्ञापत्र मीच लिहिलेलं, 'तीस वर्षे आमच्या घरचे दळण सदर बोळातून जात असे.' पाठक उलटतपासाला उठले. आवाज साखरेत घोळलेला.
"गुरुजी, घरून दळण कोण नेतं?"
"मंडळी."
"आपण स्वतः त्या बोळातून कितीदा गेलात?"
गुरुजी खोटं बोलत नाहीत. म्हणून तर त्यांना पहिलं घेतलं होतं. "मी? मी कशाला जाऊ. मला काय काम गिरणीत?"
न्यायाधीश मॅडमनी मान खाली घातली. हसत होत्या. पाठक लगेच बसले, एक प्रश्न जादा नाही.
बाहेर येऊन उरलेल्या सहा जणांना एकेक करून विचारलं. एकानंही जन्मात दळण नेलेलं नाही. चेअरमनला तर गिरणी बोळाच्या डाव्या हाताला की उजव्या, तेही नीट सांगता येईना.
आता बस. मागच्या सीटवर नायगावच्याच दोन बायका. एक म्हणतीये, शटर बसल्यापासून डबा डोक्यावर घेऊन नाल्याकडनं जावं लागून राहिलंय. दुसरी बोळाचीच आठवण काढतीये. आतली तिसरी फरशी हलायची, तिथं नेमका पाय पडायचा आणि ज्वारी सांडायची, कोंबड्या गोळा व्हायच्या. माझ्या फाइलीत बोळाचा नकाशा आहे, त्यात फरशी नाही. वळून पाहिलं नाही. पाहिलं असतं तर गप्प झाल्या असत्या.

१४ नोव्हें., शुक्र.
सौ.ला सांगितलं. तिनं भाकरी थापायची थांबवली नाही. "आपलं दळण कुठं जातं, ते सांगा आधी."
मी कोपऱ्यावरच्या गिरणीचं नाव सांगितलं. ती बंद पडून सहा वर्षं झालीत म्हणे.
इतकी वर्षं पक्षकारांना सांगतोय, साक्षीदार असा पाहिजे ज्यानं डोळ्यानं पाहिलंय. आणि यादी करताना गावात मान कुणाला, तेवढंच पाहिलं. टाइपिंगच्या दिवसांत अशी चूक दुसऱ्या वकिलाची दिसली असती तर चहावर आठवडाभर हसलो असतो.
अप्पांना फोन, बायकांची नावं द्या. अप्पा म्हणाले, बायामाणसांना कोर्टात कसं बोलवायचं, घरचे काय म्हणतील. गुरुजींनाच फोन लावला. तेही तेच. आमची मंडळी आणि पिंजऱ्यात, न्हाई जमायचं. तेवढ्यात मागून आवाज आला.
"कोन हाय? कोर्टाचं हाय का? मी येते म्हना."
गुरुजींच्या पत्नी, विमलबाई. फोन त्यांच्याच हातात गेला. काय बोलायचं ते मी एक शब्द सांगितला नाही. प्रश्न पुरा होऊ द्यायचा, माहीत नसेल तर माहीत नाही म्हणायचं, इतकंच. "एवढंच? मग त्याला वकील कशाला लागतो?" म्हणाल्या.

२० नोव्हें., गुरु., नायगाव
यादीत नसलेला साक्षीदार आणायचा तर अर्ज, आणि अर्जात कारण. सगळे 'अनवधानाने राहून गेले' लिहितात. मी लिहिलं, 'गिरणीत दळण स्त्रिया नेतात, ही गोष्ट वादीच्या वकिलाच्या लक्षात आली नाही.'
पाठक म्हणाले, असं कारण मी उभ्या वकिलीत वाचलं नाही. मॅडमनी दोनदा वाचलं. अर्ज मंजूर.
लातूरसाठी टिपून ठेवतो. चूक आपली असेल तर आपली म्हणून लिहावी. बहाणे वाचून कोर्ट कंटाळलेलं असतं.
गुरुजी सोडून बाकी सहा नावं कमी केली. चेअरमन नाराज. त्यांनी नवा शर्ट शिवला होता.

२९ नोव्हें., शनि., लातूर
हॉल भरलेला. काढलेले मुद्दे निम्मेच झाले. सात वजनदार माणसांची गोष्ट सांगितली, माझ्याच तोंडानं. पोरं पोट धरून हसली, मग एकदम लिहायला लागली. पुढच्या रांगेतल्या एका मुलीनं विचारलं, सर, उलटतपासात थांबायचं कधी? म्हटलं, पाहिजे ते उत्तर मिळालं की. पुढचा प्रश्न सुचतोच, तो गिळायचा. आमच्या समोरचे पाठकसाहेब हे माझ्यापेक्षा चांगलं करतात.
टाळ्या बऱ्याच वेळ. शाल. खोटं कशाला लिहू, ऊर भरून आला.
शेड होतं तिथं आता पार्किंग. जिथं माझं स्टूल असायचं त्या जागी जाऊन उभा राहिलो. एका गाडीवाल्यानं हॉर्न दिला, काका बाजूला व्हा म्हणाला. झालो.

४ डिसें., गुरु., नायगाव
विमलबाई. इस्त्रीचं लुगडं, हातात पिशवी, पिंजऱ्यात अशा चढल्या जशा स्वतःच्या ओसरीवर.
पाठकांनी आधी घाबरवून पाहिलं. तारीख सांगा, वार सांगा. लग्न होऊन आल्यापासून, दर आठवड्याला, सणाला जास्त. डब्याला दोरी कुठून बांधायची, तेही सांगितलं. तिसरी फरशी आपणहून आली. मी बसमध्ये ऐकलेलं त्यांच्या कानावर घातलं नव्हतं, आईशपथ.
मग पाठक मुद्द्यावर. ही वाट दिगंबररावांच्या घरच्यांनी मेहरबानी म्हणून वापरू दिली होती, असं माझं म्हणणं आहे.
"मी कुणाला इचारलं न्हाई. कुणी मला अडिवलं न्हाई. मेहरबानी कवा झाली मग?"
इथं बसायला पाहिजे होतं. पाठक नाही बसले. सोबतीला कुणी असायचं का, विचारलं. एकटी म्हणेल असं वाटलं असावं.
"एकटी कशाला? गंगाकाकू असायच्या की. ह्यांच्या आई." बोट थेट दिगंबरकडं. "फरशी हालती, जपून जा गं पोरींनो, असं त्याच तर सांगायच्या आमाला."
मॅडमनी ते शब्द तसेच घ्यायला सांगितले. मी टेबलाकडं बघत बसलो, चेहरा हलू दिला नाही. बाहेर गुरुजी पिशवी धरायला पुढं झाले. बाईंनी दिली नाही.

५ डिसें., शुक्र.
काल कोर्टातून निघताना व्हरांड्यात पाठक दिगंबरला हळू आवाजात सांगत होते, आईंचं नाव काढू नका, त्यांना गावाला पाठवा काही दिवस. हळू म्हणजे त्यांच्या मते.
म्हणजे पाठकांना भीती आहे ती परवानगीच्या मुद्द्याची. दिगंबर येऊन म्हणेल, माझ्या वडिलांनी शेजारधर्म म्हणून वाट दिली. वडील वारले. विमलबाईंनी परवानगी मागितली नाही हे खरं, पण दुसऱ्या कुणी मागितली होती का, ते त्या काय सांगणार. त्या वेळचं माहीत असलेलं एकच माणूस जिवंत आहे. गंगाबाई, वय ऐंशीच्या पुढं.
अप्पांना फोन केला. त्यांचा आवाज इतका चढलेला कधी ऐकला नव्हता.
"काकूंना लेकाच्या विरोधात पिंजऱ्यात? माझी माय गेली तवा आठ दिस त्यांच्या घरून जेवण आलं साब. ते न्हाई व्हायचं."
म्हटलं, दावा जाऊ शकतो. फोन ठेवला त्यांनी.

११ डिसें., गुरु., नायगाव
जागा पुन्हा एकदा पाहायला गेलो. बंद शटरपाशी उभा होतो. दिगंबर दुकानात नव्हता. वरच्या खिडकीतून हाक आली, वकील तुम्हीच का. मग गंगाबाई (गावाला धाडलेलं नव्हतं तर) कठडा धरत स्वतःच खाली आल्या. सिमेंटच्या गोणीवर टेकल्या.
मी सांगितलं की मी अप्पांचा वकील, तुमच्याशी दाव्याचं बोलणं बरं दिसणार नाही. "तुमी नका बोलू. ऐका," म्हणाल्या.
"परवानगी म्हने. कुणी मागितली, कुणी दिली? मी सून म्हनून आले तवाच बोळ होता, गिरणी होती, बाया होत्या. ह्याचा बाप म्हनायचा, वाट सगळ्यांची हाय, आपुन फक्त कडंला राहातो."
हेच. अक्षरशः हेच वाक्य मला पाहिजे. आणि माझ्या कानानं ऐकलेलं कोर्टात शून्य. त्यांनी तिथं येऊन सांगायला पाहिजे.
त्यांना कळलं असावं.
"समन्स आलं तर येईन. आले तर खरंच बोलंन, खोटं न्हाई जमत मला. पर सांजच्याला त्याच लेकाच्या ताटापाशी बसायचंय, वकीलसाब. बोलावू नका म्हनत न्हाई मी. इचार करा म्हनते."
उठायला हात दिला. हलक्या आहेत अगदी.

१५ डिसें., सोम., नांदेड
उद्या तारीख. आमच्या बाजूचा पुरावा संपल्याचं लिहून तरी द्यायचं, नाही तर गंगाबाईंना समन्स काढा असा अर्ज तरी.
सकाळी अप्पा आले, पहिल्या बसनं, पिठाच्या सदऱ्यातच. खुर्चीवर बसले नाहीत.
"तुमी वकील हाव, तुमीच ठरवा. पर समन्स काढलं तर मला सांगू नका. मला तिथं बसून काकूंकडं बघता येनार न्हाई."
दुपारभर विमलबाईंचा जबाब वाचला, तीनदा. एवढ्यावर दावा जिंकता येतो का? बहुतेक येतो. अपिलातही टिकेल, बहुतेक. पण आजवर कुणाचं पोट मी 'बहुतेक'वर टांगून ठेवलेलं नाही, आणि त्याचाच मला अभिमान. दुसऱ्या बाजूला, त्या गोणीवर बसलेल्या बाईंनी माझ्याकडं मागितला तो फक्त विचार. एवढं साधं आजवर कुठल्या साक्षीदारानं मागितलं नव्हतं.
सौ.ला विचारलं. ती म्हणाली, गंगाबाईंना कुणी विचारलं का, त्यांच्या मनात काय आहे ते? म्हटलं, त्यांनी सांगितलं की सगळं. ती म्हणाली, त्यांनी काय होईल ते सांगितलं, काय पाहिजे ते नाही.
खरं आहे. तो प्रश्न माझ्या तोंडावर आला होता आणि मी गिळला.
पुरावा संपल्याची पुरसीस टाइप झाली. अर्जही झाला. दोन्हींवर सही केली, दोन्ही बॅगेत. कोर्ट अकराला बसतं. साडेसहाच्या बसनं निघालो तर नायगावला आधी त्या घराच्या जिन्यापाशी जाऊन तो प्रश्न विचारता येईल. दिगंबर दुकानाचं शटर साडेनऊला उघडतो.