ओढ्याकाठचा पट्टा

४ मार्च, सकाळी ६
नवा नियम आला. ओढ्याच्या काठाने चार मीटर नांगरायचं नाही, खत नाही, फवारणी नाही. नुसतं गवत वाढू द्यायचं, तरच सबसिडी. म्हणे पाणी स्वच्छ राहतं, पाखरं येतात. पाखरांनी अर्ज केला होता का? मी हटणार नाही. उद्याच पाण्यापर्यंत नांगर घालतो.

५ मार्च
नांगरलं नाही. जमीन ओली. नियम मोडायचा तर वाफसा बघूनच मोडावा.

९ मार्च
वाफसा आला, पण कंबर धरली. ही म्हणाली, फॉर्मवर सही करून टाका, सबसिडी गेली तर पुढचं बियाणं कशातून आणणार? मी ठणकावलं, प्रश्न बियाण्याचा नाही, तत्त्वाचा आहे. तिने विचारलं, तत्त्व एकरी किती किलो पेरतात? आंदोलनातलं तिला काय कळतंय!

१४ मार्च, संध्याकाळी
उद्या कृषी कार्यालयावर ट्रॅक्टर मोर्चा. सगळ्यात पुढे मी. हॉर्नचा तासभर सराव केला. शेजारचा शेतवाला, म्हणजे हिचा भाऊ, येणार नाही. त्याने पट्टा सोडला, वर फुलांचं बी टाकलं. नेभळट. हिच्या माहेरचे सगळे असेच.

१५ मार्च
बॅटरी डाऊन. हॉर्नमुळे नव्हे, बॅटरीच भिकार. शेवटी मेव्हण्याच्या गाडीतून मोर्चाला गेलो. भाषण मात्र दणदणीत झालं. टाळ्या बऱ्यापैकी.

२ एप्रिल
बाकी रान नांगरून पेरून झालं. काठ मुद्दाम ठेवलाय. ट्रॅक्टर वळवायला बरं म्हणून जरा ऐसपैसच ठेवलाय. तपासणीवाले आले की त्यांच्या डोळ्यांदेखत नांगरणार. कोणी बघत नसताना नियम मोडण्यात कसली मर्दुमकी? गवत गुडघ्याला लागलंय. लागू दे.

२० मे, सकाळी ८
आज तपासणी. ट्रॅक्टर काठावर तयार. इस्त्रीचा शर्ट घातला. होऊनच जाऊ दे.

२० मे, दुपारी
तपासणीच्या बाई टेप घेऊन थेट गवतात शिरल्या. मी ट्रॅक्टर चालू केला. त्या ओरडल्या, थांबा, आत तितराचं घरटं आहे! अकरा अंडी. मी इंजिन बंद केलं. घाबरून नव्हे. माझं भांडण सरकारशी आहे, अंड्यांशी नाही.

ही फॉर्म घेऊन उभीच होती. सही केली. निषेध म्हणून तारीख घातली नाही. बाईंनी घातली.

मग मोजणी. मेव्हण्याचा पट्टा बरोब्बर चार मीटर भरला. माझा सात. बाई खूश. जास्तीचे तीन मीटर आपखुशीने सोडलेत का, असं विचारलं. मी तोंड उघडायच्या आत ही हो म्हणाली. आता तेही तीन मीटर फॉर्मात चढले.